रेंडर लावला की कॉम्प्युटर बंद, एसएमपीएस कोणता घेऊ आणि स्वतः बसवू का?

(एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, भिंतीतल्या विजेवरून आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा, आणि रेंडर म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फायनल फाईल बनवणं.) आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"नमस्कार दादा, आम्ही कराडजवळ राहतो. मिस्टर लग्नाचं शूटिंग करतात आणि मिक्सिंग मी घरी करते. कॉम्प्युटर आय-फाईव्ह १२४००एफ, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, दोन हार्डडिस्क. आधी जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड होतं, आता सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घेतलं. आमच्या एसएमपीएसला त्या कार्डची आठ पिनची वायर नव्हती म्हणून दुकानदाराने कन्व्हर्टर दिला, एका बाजूला हार्डडिस्कला लागते तसली चपटी साटा पिन, दुसऱ्या बाजूला आठ पिन. साधं एडिटिंग होतं पण रेंडर लावला की पाच-दहा मिनिटात कॉम्प्युटर फट्कन बंद होतो, मॉनिटर मात्र चालूच राहतो, नो सिग्नल येतं. एसएमपीएस ४५० वॅटचा आहे, कॅबिनेटसोबत आलेला. यूपीएस ६०० व्हीएचा. दीर म्हणतात सरळ ८५० वॅटचा टाक, विषय संपव. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, नवीन एसएमपीएसने त्या जातील ना? दुकानात दिला तर चार-चार दिवस ठेवून घेतात आणि आता सीझन आहे, म्हणून मीच बसवू का? लोकांच्या लग्नाचं शूटिंग आहे त्यात, काही गेलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ताई, बाकी सगळं नंतर बोलू, आधी कॉम्प्युटर बंद करा, यूपीएस बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि तो कन्व्हर्टर काढून बाजूला ठेवा. ३०६० पण काढा आणि जुनं जीटी १०३० परत लावा, त्याला वेगळी वायरच लागत नाही, ३० वॅटचं कार्ड आहे, स्लॉटमधून मिळतं तेवढ्यावर चालतं. तुमचा प्रोसेसर एफवाला आहे म्हणजे त्यात स्वतःचं डिस्प्ले नाही, त्यामुळे काही ना काही कार्ड लागणारच, ते जुनं विकलं नसेल तर बरं झालं. रेंडरला वेळ लागेल, लागू दे, नवीन एसएमपीएस येईपर्यंत असंच चालवा.

एवढी घाई का करतोय ते सांगतो. ३०६० पूर्ण ताकदीने चालतं तेव्हा साधारण १७० वॅट खातं. त्यातले जास्तीत जास्त ७५ मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात, उरलेले शंभरच्या घरातले वॅट त्या आठ पिनच्या वायरमधून यायला हवेत, म्हणजे १२ व्होल्टला ८ अँपिअरच्या वर. आणि साटाच्या त्या चपट्या पिनमध्ये १२ व्होल्टसाठी तीन बारीक पट्ट्या असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे टोटल साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ती पिन हार्डडिस्कसाठी बनवलेली आहे. तुम्ही तिच्यातून जवळजवळ दुप्पट ओढताय आणि तेही तासतासभर. कन्व्हर्टर हातात घेऊन उजेडात नीट बघा, साटाच्या बाजूचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालंय का, एखादा कोपरा मऊ पडून वाकलाय का, वास येतोय का. यातलं काही दिसलं तर एसएमपीएसच्या ज्या वायरला तो जोडला होता तिची पिन पण बघा. आणि काहीच दिसलं नाही तरी तो परत लावायचा नाही, नीट दिसतोय म्हणजे चालेल असं त्याच्याबाबतीत नसतं, ही पिन वितळायची वेळ सांगून येत नाही. असले कन्व्हर्टर विकायलाच नकोत असं माझं मत आहे पण शंभर-दीडशे रुपयाला सगळीकडे मिळतात, काय करणार.

आता बंद का पडतो ते. तुम्ही पत्रात एक फार कामाची गोष्ट लिहिलीत की मॉनिटर चालू राहतो. मॉनिटर पण त्याच यूपीएसवर असणार, म्हणजे यूपीएस दगा देत असता तर दोन्ही एकदम गेले असते. फक्त कॉम्प्युटर जातोय म्हणजे एसएमपीएसच हात वर करतोय. गरम होऊन बंद पडण्याची शक्यता असते, पण त्यात सहसा आधी पंखे ओरडायला लागतात, स्पीड कमी होतो, मग बंद. तुमचा नवीन कार्ड आल्यापासून, तेही फक्त रेंडरला, फट्कन जातोय. बाकी वाचकांपैकी कुणाचं असं होत असेल आणि कार्डची वायर थेट एसएमपीएसमधून आलेली असेल, तर एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डची पॉवर कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर) टाकून पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून रेंडर लावून बघा, तो पूर्ण झाला तर रोग बहुतेक सापडलाच. ताई, तुम्ही हा प्रयोग करायचा नाही, तुमच्याकडे मध्ये तो कन्व्हर्टर आहे.

एसएमपीएस ४५० वॅटचा आहे मग का पुरत नाही? कॅबिनेटची बाजूची प्लेट काढलीच आहे तर त्या डब्यावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात ४५० असेल ते सोडून द्या, खाली बारीक टेबल असतं, ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकासमोर अँपिअर. तुमचा प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच खातात, म्हणजे पिवळ्या वायरींमधून. कॅबिनेटसोबत येणाऱ्या लोकल डब्यांवर १२ व्होल्टसमोर १४ किंवा १६ अँपिअर असलं काहीतरी लिहिलेलं असतं. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाईनवर दाखवून बेरीज फुगवलेली असते, आणि त्या लाईनींवर आजच्या कॉम्प्युटरमध्ये फारसं कुणी खातच नाही. १६ अँपिअर तरी तो खरेच देतो की नाही हा आणखी वेगळा विषय. डबा हातात घेतला की वजनावरूनच कळतं, रिकाम्या टिफिनसारखा हलका लागतो.

तुमचा हिशोब करू. १२४००एफ वर ६५ वॅट लिहिलेलं असतं पण टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोर लावून चालताना, तो ११७ पर्यंत जाऊ शकतो आणि रेंडर म्हणजे टर्बोच. कार्ड १७०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, दोन हार्डडिस्क मिळून पन्नास-साठ धरा. झाले ३४०-३५०. त्यात कार्ड मध्येच क्षणभर उसळी मारतं, मिलीसेकंदांचीच असते पण एसएमपीएसला सोसावी लागते, आणि हार्डडिस्क सुरू होताना एकेक वीस-बावीस वॅट मागते, फिरायला लागली की मग शांत. ३०६० ची चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगितलाय तो याच कारणाने. तुमच्यासाठी ५५० पुरे, ६५० मध्ये किंमतीचा फरक पाच-सातशेचा असेल तर ६५० घ्या, तो निवांत चालेल, पंखा पण कमी ओरडेल.

दीर म्हणतात तो ८५० घेतला तर नुकसान काही नाही, फक्त पैसे जास्त. जास्त वॅटचा एसएमपीएस कॉम्प्युटरमध्ये जास्त करंट ढकलत नाही, हजार लिटरची टाकी बसवली म्हणून कुणी रोज हजार लिटर पीत नाही. वीजबिल पण त्याने वाढत नाही. भीती वेगळीच आहे, ती म्हणजे ८५० च्या नादात तितक्याच पैशात येणारा लोकल ८५० घेतला जातो. दिरांना सांगा की डब्यावरचा आकडा नको, १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचून दाखवा. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथे ४५ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळपास पूर्ण ५५० वॅट १२ व्होल्टवरच देता येतात. तुमच्या जुन्या डब्याशी तुलना करा म्हणजे लगेच लक्षात येईल.

घेताना ८० प्लस ब्राँझ लिहिलेलं बघा. ही मोजणी भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते त्याची आहे, निम्म्या लोडला ब्राँझवाला साधारण ८५ टक्के तरी पोचवतो. गोल्ड थोडा आणखी काटकसरी, पण तुमच्या वापराला त्याचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील. हां पण नुसतं ब्राँझ म्हणजे सगळं चांगलं असंही नाही, वॉरंटी बघा, पाच वर्षांची असेल तर कंपनीला स्वतःच्या मालावर विश्वास आहे असं समजायचं. कॉर्सेअरची सीएक्स, कूलर मास्टरची एमडब्ल्यूई ब्राँझ, एमएसआयची एमएजी ब्राँझ, डीपकूलची पीके, असल्या सिरीज बघा. कंपनी एकच असली तरी सिरीज वेगवेगळ्या असतात, कॉर्सेअरचंच घ्या, व्हीएस सगळ्यात खालची, मग सीएक्स, मग आरएम. दुकानदार नुसतं "कॉर्सेअर आहे मॅडम" म्हणाला तर कुठली सिरीज ते विचारा. कराडला नाही मिळाला तर पुणे-कोल्हापूरवरून मागवा, मुंबईला कुणी येणारं-जाणारं असेल तर लॅमिंग्टन रोडला भाव करून आणतील, ऑनलाईन पण चालेल, फक्त सेकंडहँड नको. कार्ड सेकंडहँड घेतलंत ते ठीक, एसएमपीएस नाही, तो आतून किती थकलाय हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

बॉक्सवर कार्डसाठी सहा अधिक दोन पिनची वायर आणि प्रोसेसरसाठी चार अधिक चार पिनची वायर आहे ना एवढं बघा. साईजची चिंता नको, साध्या कॅबिनेटला साधा एटीएक्स, म्हणजे स्टँडर्ड मापाचा, बसतो. डेल-एचपीच्या ऑफिसवाल्या कंपनी सेटमध्ये मात्र बोर्डाची पिनच वेगळी असते, तिथे हे काहीच लागू नाही, तसा सेट असलेल्यांनी आधी पिन मोजा मग खरेदी करा.

आता झिणझिण्या. नवीन एसएमपीएसने त्या जाणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो नाहीतर पाच हजार घालून परत मला पत्र लिहाल. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थला जाणारे बारके कपॅसिटर असतात. अर्थिंग ठीक असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर तो पत्र्यावरच बसून राहतो आणि कॅबिनेटवर मेनच्या निम्मे, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसायला लागतात, टेस्टर लावला तर मिणमिण पेटतो. करंट फार थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं, पण याचा अर्थ असा की उद्या आतमध्ये खरोखरची फेज पत्र्याला टेकली तर तिला जायला वाट नाही, ती वाट तुम्ही असाल. आणि तुमच्या धंद्यात आणखी एक, अशा कॅबिनेटला चालू स्थितीत कॅमेरा किंवा टीव्हीची एचडीएमआय जोडताना तो पत्र्यावरचा करंट पोर्टमधून जातो आणि पोर्ट उडू शकतात. कॅमेऱ्याचा पोर्ट उडाला तर एसएमपीएस परवडला म्हणायची वेळ येईल.

म्हणून एसएमपीएस यायच्या आधी वायरमन बोलवा. तो मल्टीमीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजेल, २३०च्या आसपास येईल, मग फेज आणि अर्थमध्ये मोजेल, तिथेही जवळपास तेवढंच यायला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच्या वर नको. नुसता मीटरवर विश्वास ठेवू नका, त्याला फेज-अर्थवर बल्ब लावून दाखवायला सांगा, बल्ब नीट पेटला तर अर्थिंगमध्ये दम आहे. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावल्या लावल्या तो पडेल, तो पडणं चांगलंच लक्षण. गावाकडे बऱ्याच घरात मीटरजवळ मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असतो पण उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडलेला असतो, त्यात पाणी घालत राहायला लागतं. नाहीतर सॉकेटपर्यंत हिरवी तारच आलेली नसते, तिसरं भोक नुसतं शोभेला.

आणि हे नीट ऐका, काही जण "अर्थिंग करून देतो" म्हणत सॉकेटमध्येच अर्थच्या पिनेतून न्यूट्रलला तुकडा जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, माणूस खूश होऊन पैसे देतो. पण ज्या दिवशी खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर सगळेच्या सगळे २३० व्होल्ट येतील. तसं करू देऊ नका, स्पष्ट विचारा की तार कुठे नेऊन जोडली. नळाच्या पाइपला पण नको, आता अर्धा पाइप प्लास्टिकचा असतो. सॉकेट मोठा १६ अँपिअरचा लागेल का असंही काही जण विचारतात, नाही लागत, तुमचा कॉम्प्युटर भिंतीतून दोन अँपिअर पण घेत नाही, साधा ६ अँपिअरचा तीन पिनवाला चालतो. तीन पिनेचं दोन पिन करणारा कन्व्हर्टर मात्र घरात असेल तर फेकून द्या.

बसवायचं म्हणाल तर खुशाल बसवा. मिक्सिंगची टाइमलाइन सांभाळणाऱ्या बाईला चार स्क्रू आणि चार पिना अवघड नाहीत. एकच लक्ष्मणरेषा, एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, नवा पण नाही आणि जुना पण नाही. आत मेनची वीज साठवणारा मोठा कपॅसिटर असतो, तीनशेच्या वर व्होल्ट असतात त्यात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात, डबा खराब असेल तर किती वेळ ते सांगता येत नाही. जाळीतून स्क्रूड्रायव्हर घालून पंख्याची धूळ काढणं वगैरे पण नाही.

आदल्या रात्री डेटाची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. एसएमपीएस बदलल्याने डेटा जात नाही, पण आतापर्यंत रेंडर चालू असताना इतक्यांदा करंट गेलाय की कॉपी आधीच व्हायला हवी होती. कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवा, कॉम्प्युटरला लावून ठेवू नका.

मग दिवसाउजेडी, विंडोज शटडाउन, यूपीएस बंद, आणि भिंतीतला प्लग पूर्ण बाहेर. काही ठिकाणी सांगतात की प्लग लावलेला ठेवून फक्त बटन बंद करा म्हणजे अर्थ मिळतो, आपल्याकडच्या अर्थिंगच्या भरवशावर ते करू नका, आणि कधी कधी बटनात फेजच्या जागी न्यूट्रल तोडलेला असतो ते वेगळंच. प्लग काढल्यावर कॉम्प्युटरचं पॉवर बटन दाबून धरा पाच-दहा सेकंद, पंखा एकदा फिरल्यासारखा करेल, बोर्डवरचा छोटा दिवा विझेल, म्हणजे उरलासुरला करंट गेला. काम टेबलवर करा, सतरंजी-गादीवर नको, नायलॉनची साडी किंवा लोकरीचं काही अंगावर नको आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा. हातातल्या बांगड्या काढून ठेवा, कुठेतरी अडकतातच.

काही काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, चारी बाजूंनी, कुठली वायर कुठे आहे ते. मग कार्ड, मग पिना. २४ पिनची मोठी पिन सगळ्यात हट्टी असते, तिच्या एका बाजूला कडी असते, ती अंगठ्याने पूर्ण दाबून धरायची आणि पिन किंचित हलवत वर ओढायची, वायरी धरून ओढायचं नाही. दुसऱ्या हाताने तिथला बोर्ड आधाराला धरा कारण बोर्ड वाकतो आणि वाकलेला बघून पोटात गोळा येतो. प्रोसेसरची पिन वरच्या कोपऱ्यात असते, तुमच्या जुन्या डब्याला बहुतेक चारच पिना असतील आणि बोर्डावर आठची जागा असेल, नव्याच्या चार अधिक चार दोन्ही लावा. हार्डडिस्कच्या पिना सरळ ओढा, तिरक्या नाही, डिस्कवरची काळी प्लास्टिकची पट्टी तुटते आणि तुटली की डिस्क चांगली असून बाद.

मागचे चार स्क्रू काढताना डब्याखाली हात धरा, नाहीतर शेवटचा स्क्रू निघाला की डबा बोर्डवर पडतो. नवीन बसवताना पंख्याची दिशा बघा. डबा खाली बसत असेल आणि खाली जाळी असेल तर पंखा खाली तोंड करून, फक्त कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नका. जाळी नसेल किंवा डबा वरच्या बाजूला बसत असेल तर पंख्याचं तोंड कॅबिनेटच्या आत. चारही स्क्रू आधी अर्धे लावा मग घट्ट करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे वायरी डब्यापासून सुट्या होणारा, तर फक्त त्याच्याच बॉक्समधल्या वायरी वापरायच्या. एका कंपनीच्या डब्याला दुसऱ्या कंपनीची वायर मापाने बसते, अगदी टक्क आवाज करून बसते, पण डब्याकडच्या टोकाला कुठल्या भोकात १२ व्होल्ट आणि कुठल्यात ५ याला काही एक नियम नाही. ५ च्या जागी १२ गेले की दोन्ही हार्डडिस्क एका सेकंदात, आणि तेव्हा रडून उपयोग नसतो. म्हणून बाहेरून मागून आणलेल्या वायरी, जुन्या वायरी, "माझ्याकडे एक पडली आहे" वाल्या वायरी त्या दिवशी खोलीतच ठेवू नका. त्याच भानगडीतली दुसरी गोष्ट, प्रोसेसरची आठ पिन आणि कार्डची आठ पिन दिसायला बहिणी-बहिणी, पण १२ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या (परतीच्या) वायरी उलट बाजूला. चार अधिक चार सुटते ती प्रोसेसरची, सहा अधिक दोन सुटते ती कार्डची, वर लिहिलेलं पण असतं. जोर लावायला लागतोय म्हणजे चुकीच्या ठिकाणी लावताय. बरोबर ठिकाणची पिन टक्क करून बसते आणि कडी अडकलेली दिसते. कार्डची तर बोटाने चाचपून बघा, अर्धवट बसलेली पिन गरम होते.

पहिल्यांदा चालू करताना हार्डडिस्कला पॉवर जोडूच नका. ३०६० परत स्लॉटमध्ये बसवा आणि फक्त २४ पिन, प्रोसेसर आणि कार्ड एवढंच जोडा. एसएसडी बोर्डवर स्क्रूने बसवलेली एम-डॉट-टू असेल तर तिला वेगळी वायर नसते, राहू दे तिथेच. एसएमपीएसच्या मागचं बटन बंद ठेवून प्लग लावा, मग ते बटन चालू, मग पुढचं. डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची बोर्डाची सेटिंगची स्क्रीन) जा, व्होल्टेज दाखवत असेल तर १२ चा आकडा ११.४ ते १२.६ च्या आत हवा. दहा मिनिटं तसंच ठेवा, वास, आवाज काही नाही ना बघा. सगळं ठीक असेल तर परत बंद, परत प्लग बाहेर, आणि आता हार्डडिस्क जोडा. नवा डबा खराब निघण्याची शक्यता फार कमी, पण निघालाच तर लोकांची लग्नं त्याच्या तोंडी नकोत. सुरू-बंद होताना आतून टिक आवाज आला तर घाबरू नका, रिले (आतला छोटा स्विच) असतो. काही एसएमपीएसचा पंखा लोड कमी असताना फिरतच नाही, तेही बरोबरच आहे. मग एक मोठा रेंडर लावा आणि अर्धा तास समोर बसा.

रेंडर आता पूर्ण होईल पण यूपीएस ओरडायला लागेल, कारण ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट आणि तुमचा कॉम्प्युटर आतमध्ये ३५० खात असेल तर भिंतीतून ४०० घेतो, वर मॉनिटर. आतापर्यंत एसएमपीएसच आधी झोपत होता म्हणून यूपीएसवर पाळी आली नाही. रेंडर चालू असताना लाईट गेली तर तो एक क्षण पण धरणार नाही. एक केव्हीए किंवा ११०० व्हीएचा घ्या, सहाशे वॅटच्या आसपास देतो, पाच-दहा मिनिटं मिळतात, रेंडर थांबवून सेव्ह करण्यापुरती. लगेच पैसे नसतील तर तोपर्यंत आफ्टरबर्नरमध्ये कार्डची पॉवर ७० टक्क्यांवर ठेवा, आता कन्व्हर्टर मध्ये नाही त्यामुळे हरकत नाही, रेंडरच्या वेळेत फार फरक पडत नाही. घरात इन्व्हर्टर असेल आणि कॉम्प्युटर त्यावर असेल तर त्याच्या मागचं बटन यूपीएस मोडला आहे का बघा, नॉर्मल मोडला बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

जुना ४५०चा डबा पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टला किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरला देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्याला द्या. आणि नव्याचं पक्कं बिल घ्या, त्यावर डब्याचा सिरीयल नंबर लिहून घ्या, घरी आल्याबरोबर बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा, कारण ती गुळगुळीत कागदावरची शाई वर्षभरात उडते आणि वॉरंटी पाच वर्षांची आहे.